कापसातली झोप

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथं मानसशास्त्राच्या एक मॅडम पीएच.डी. करतात. पीएच.डी. करणारं माणूस लांबून येताना दिसलं की मी कपाटामागे जाते, कारण त्यांच्या हातात नेहमी फॉर्म असतो. परवा मात्र सापडले. उच्चशिक्षण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांचा माणसाच्या सुखसमाधानाशी काय संबंध, असा मॅडमचा विषय. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, स्वतःचं शिक्षण, घर कच्चं की पक्कं, आणि मग एकदम 'आपण आनंदी असता का?' नेहमी, कधीकधी, क्वचित. झोपेसाठी एकच ओळ होती: पुरेशी किंवा अपुरी. भराभर खुणा करत मी तिथवर आले आणि मला चाचांची आठवण झाली. या विषयात डॉक्टरेट द्यायचीच तर ती त्या माणसाला द्यायला हवी होती. फक्त त्यांना सही येत नव्हती, ते अंगठा करत.

चाचा म्हणजे लातूरला मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते ते घरमालक. जातीनं आणि धंद्यानं पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरला बारावीच्या शिकवण्यांचं पीक आलं होतं आणि चाकूर, देवणी, अहमदपूर, कुठून कुठून पोरं ट्रंक घेऊन उतरत होती. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या तो घरमालक झाला होता. चाचांनीही कापूस ठेवायच्या तीन खोल्या रिकाम्या केल्या, चुना मारला, लोखंडी कॉट टाकल्या आणि मुलींना भाड्यानं दिल्या. गाद्या घरच्याच होत्या.

जूनमध्ये इतर घरमालक पोरांना दहावीचे मार्क विचारत. चांगल्या मार्कांच्या पोरांना खोली दिली की दाराशी पाटी लावल्यासारखं होई. चाचा मार्क विचारत नसत. अंगणात बाजेवर बसून ते मुलीला तीन प्रश्न घालत आणि आईबापांना बोलू देत नसत. घरी कशावर झोपतेस? एका वेळेला किती जण जेवायला बसता? आणि राग आला की कुठं जाऊन बसतेस? गच्चीवर जाऊन बसते म्हणणाऱ्या मुलीला जिन्याजवळची खोली मिळे. गोठ्यात जाते म्हणणारीला त्यांनी शेळीजवळची खिडकी दिली होती. ती मुलगी पुढे जनावरांची डॉक्टर झाली. पण यात चाचांचा काही हात नव्हता, असं चाची म्हणत.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, गोधडीवर झोपते, सात जण जेवतो, आणि मला राग येत नाही.

"न्हाई येत?" चाचांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. "पाटील, ही पोरगी तर खोटं बोलती."

आण्णा हसले. त्यांची आणि चाचांची जुनी ओळख होती. मशिनं येण्याआधी चाचा खांद्यावर कमान घेऊन गावोगाव फिरत, आणि आण्णांच्या लग्नातली गादी त्यांनीच आमच्या ओसरीत बसून भरली होती. त्या भरवशावर तर आण्णांनी पोरीला शहरात ठेवलं. गावात काहींनी नाक मुरडलं, की मुसलमानाच्या घरी कशी ठेवता. आण्णा म्हणाले, ज्याच्या हातच्या गादीवर मी वीस वर्षं झोपलो त्याला काय आता नवीन वळखायचंय. विषय संपला.

कमान म्हणजे कापूस पिंजायचं मोठं लाकडी धनुष्य. त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी ठोकळा मारला की ती घुमते आणि कापूस फुलून उडतो. चाचांच्या मुलानं विजेवरचं यंत्र घेऊन दिलं होतं, ते गिऱ्हाइकांसाठी चाले. मुलींच्या गाद्या मात्र चाचा हातानंच पिंजत. मे महिन्यात मुली गावी गेल्या की एकेक गादी अंगणात आणायची, खोळ उसवायची आणि कापूस बाहेर काढायच्या आधी उकिडवं बसून नुसतं बघत राहायचं. कुठं दबलाय, कुठं गोळे झालेत, कुठं तसाच राहिलाय. जोतिषी पत्रिका मांडतो तसं ते गादी मांडत. ही पोरगी कुशीवर झोपती. हिच्या पोटात दुखतं, पाय मुडपून झोपती. ही गादीवर बसून अभ्यास करती, झोपायला कमी अन् बसायला जास्ती वापरलीय. उशीचं ते वेगळं काढत. "गादी अंगाचं सांगती, उशी मनाचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग जूनमध्ये मुलगी परत आली की तिला काही न सांगता तिच्या गादीत बदल झालेला असे. कंबरेपाशी थोडं जाड, पायाशी थोडं पातळ.

हे शास्त्र अचूक होतं असं मी म्हणणार नाही. एका मुलीची गादी पाहून चाचांनी निदान केलं की हिचं कुणावर तरी मन बसलंय, रात्रभर तळमळते. चाची घाबरल्या, मुलीला जवळ बसवून नाना तऱ्हेनं विचारू लागल्या. मुलगी रडकुंडीला आली. शेवटी कॉट उलटी केली तर ढेकूण निघाले. त्यानंतर आठवडाभर चाची जेवायला वाढताना म्हणत, "घ्या हकीमसाहेब, अजून एक भाकर घ्या."

भूकंपाचा त्यांनी धसका घेतला होता, हेही सांगायला हवं. किल्लारीकडची गावं झोपेत असताना पडली होती. चाचा नंतर कित्येक आठवडे तिकडे जाऊन घरं पडून शेडमध्ये राहणाऱ्या माणसांच्या गाद्या भरत होते आणि तिथं काय पाहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण घरी आल्यावर सगळ्या दारांच्या आतल्या कड्या उपटून काढल्या. अंधारात कडी सापडत नाही, म्हणत. मुलींच्या खोल्यांना आतून कडी नाही म्हटल्यावर चाचींनी घर डोक्यावर घेतलं. मग तोड निघाली. कडीच्या जागी सुतळीचा फास, ओढला की तुटेल असा. दर पंधरवड्याला चाचा प्रत्येक दार आतून ओढून बघत आणि फास तुटला की समाधानानं नवा बांधत.

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे फोम. त्यांचा मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला होता. त्या घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिलाच. ईदला येताना त्यानं बापासाठी फोमची गादी आणली. चाचा एक रात्र तिच्यावर झोपले आणि सकाळी म्हणाले, रातभर कुणीतरी मला वर ढकलून देत होतं. मग ती गादी शेळीच्या पिलांना गेली. मुलगा नाराज झाला, पण बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. चाचा माझ्याकडून त्याला पत्र लिहून घेत, आणि दर पत्रात एक ओळ असे: फोमवरच झोपतोस का अजून? मुलाच्या उत्तरात कंपनीचं असे, प्रमोशनचं असे, तब्येत ठीक असल्याचं असे. या एका ओळीचं उत्तर नसे.

एकदा पत्र लिहिता लिहिता मी म्हणाले, चाचा, झोपू द्या ना त्याला फोमवर, काय बिघडलं?

"बेटी, मानूस उठला की फोम पुन्ना होता तसा," ते म्हणाले. "त्याला काय यादच राहत न्हाई. आता माझं पोरगं तिकडं कसं झोपतंय, हे मला कुनी सांगावं?"

तेव्हा मला हसू आलं. आता माझी मुलगी हैदराबादला असते आणि फोनवर 'मी मस्त आहे' एवढंच म्हणते, तेव्हा येत नाही.

माझी रूम पार्टनर नांदेडची होती. आई डॉक्टर, बाप डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. मुलगी मनानं फार चांगली. तिच्या नोट्स माझ्या, तिचा तूपसाखरेचा डबा माझा. आणि झोप अशी की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कूस बदलणार नाही. चाचणीत मार्क कमी पडले तर 'जाऊ दे गं' म्हणून ती दहा मिनिटांत घोरायला लागे. माझे तिच्यापेक्षा जास्त असत आणि मी जागी असे. याचं मला नवल वाटे, थोडा रागही येई. मी चाचांना विचारलं, ही कशी झोपते हो एवढी?

ते कापूस विंचरत होते. म्हणाले, "तिच्या गादीखाली जमीन हाय. पडली तर दोन बोटं खाली पडंल. तू झोपतीस तेव्हा तुझ्या गादीखाली तुझा बाप झोपलेला आसतो. तुला वाटतं कूस बदलली तर त्याला लागंल."

अशा वेळी लोक म्हणतात की डोळ्यांत पाणी आलं वगैरे. मला चाचांचा संताप आला होता. कारण ते खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

रूम पार्टनरबद्दल मात्र न्याय करायला हवा. मे महिन्यात चाचांनी तिची उशी उसवली तेव्हा अभ्रा मिठानं कडक झाला होता. ती केव्हा रडत होती ते तीन फुटांवर झोपणाऱ्या मला कळलं नव्हतं. तिला पुढं काय व्हायचंय हे तिच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं, कारण ते तिच्या जन्माच्या आधीच ठरलेलं होतं. चाचांनी ती उशी पुन्हा भरली आणि तिच्यासाठी एक जास्तीची भरली. ती का, असं तिनं विचारलं तर म्हणाले, एक डोक्याखाली घ्यायची अन् एक पोटाशी धरायची.

माझं डॉक्टर व्हायचं कुठून आलं ते सांगते. भूकंपात आमचं घर पडलं नाही, पण मधल्या भिंतीतून हात पलीकडे जाईल एवढी चीर गेली. आण्णांनी अंगणात टिनाचं शेड टाकलं आणि दोन हिवाळे आम्ही सातही जण त्यात एका ओळीत झोपलो. एवढी गाढ झोप मला पुन्हा मिळाली नाही. त्या दिवसांत एक डॉक्टरीणबाई जीपमधून गावात येत, लेकरांना तपासत. एकदा त्यांनी माझ्या गालाला हात लावून विचारलं, तू कोण होणार? मी म्हणाले, डॉक्टर. समोर डॉक्टर उभी होती, दुसरं काय म्हणणार? शिवाय घरात सगळेच गप्प गप्प असायचे त्या दिवसांत, काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं. आण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी होती की पाटलाची पोरगी डॉक्टर होणार.

बारावीला मार्क थोडक्यात कमी पडले. लातूरला याच्यावर उपाय तयार होता. पुन्हा बारावी द्यायची. अशा मुलांना रिपीटर म्हणत आणि त्यांच्या वेगळ्या तुकड्या असत. आण्णा म्हणाले, हरकत न्हाई, एक वरीस काय जातंय. माझी रूम पार्टनर लांबच्या कुठल्याशा खासगी मेडिकल कॉलेजात गेली. जाताना दोन्ही उशा घेऊन गेली. मी त्याच खोलीत, त्याच कॉटवर, तीच पुस्तकं घेऊन राहिले.

त्या वर्षी माझं काय होत होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. श्रावणापर्यंत रेटलं. मग पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, पण वाचता यायची नाहीत. वर्गात सर फळ्यावर लिहायचे आणि माझ्या छातीत धडधडायचं. दसऱ्याच्या आधी एक दिवस शिकवणीला गेले नाही. मग गेलेच नाही. सकाळी सायकल काढायची, बॅग अडकवायची आणि बसस्टँडवर जायचं. आमच्या गावावरून येणाऱ्या चाकूरकडच्या गाडीतून रोज माझा जेवणाचा डबा यायचा. लातूरला शिकणाऱ्या कितीतरी पोरांचे डबे असेच गावाकडून एसटीनं येत, कंडक्टर काढून देई. मी डबा घेई आणि फलाटावरच बसून राही. ती गाडी परत जाई, दुसरी येई, तीही जाई. संध्याकाळी शिकवणी सुटायच्या वेळेला खोलीवर. रात्री भिंतीला टेकून कॉटच्या कडेवर बसायचं. पडलं की आण्णांचा चेहरा दिसे, म्हणून बसायचं. त्यांना सांगणं शक्यच नव्हतं. सांगितलं तर ते टिनाच्या शेडमधले आण्णा पुन्हा दिसतील, गप्प बसलेले. आणि सांगितलं नाही तर मार्चमध्ये काय होणार होतं, याचा विचार मी करत नव्हते. आता करते तेव्हा अंगावर काटा येतो.

पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आधी, चाचा सगळ्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकत आणि काठीनं झोडपत. त्या दिवशी माझीही नेली. तळहात टेकवून पाहिलं तर भिंतीकडची एक कड दगडासारखी दबलेली आणि बाकीची गादी जूनमध्ये भरली तशी फुगीर. चाचींनी मला नंतर सांगितलं, की ते काठी टाकून तिथंच उन्हात बसले. मग खाली आले, टोपी घातली, जुनी कमान खांद्याला लावली आणि पाटलाच्या गावाला जाऊन येतो म्हणून निघाले. कमान कशाला, यंत्र आल्यापासून कोण हातानं पिंजून घेतंय, असं चाचींनी विचारलं. तर म्हणाले, मोकळ्या हातानं गेलो तर पाटील घाबरंल.

स्टँडवर त्यांना मी दिसले. शिकवणीच्या वेळेला, फलाटावर, मांडीवर डबा घेऊन बसलेली. ते माझ्याकडे आले नाहीत. चाकूरच्या गाडीत चढले आणि खिडकीत तोंडावर रुमाल धरून बसले. मी त्याच गाडीकडे बघत होते आणि मला ते दिसले नाहीत. हे त्यांनी मला कितीतरी वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर सांगितलं. खिडकीबाहेर कमानीचं एवढं लांब टोक निघालेलं होतं, तेही तू बघितलं न्हाईस, म्हणाले.

आण्णांना त्यांनी एवढंच सांगितलं, पोरीला झोप न्हाई. स्टँडचं सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम होतं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढत होते तर दारात आण्णा उभे. डोक्यावर पोतं, त्यात कापूस. पहिल्या वेचणीचा, ज्याला बाजारात सगळ्यात जास्त मागणी असते तो. एसटीच्या टपावर टाकून आणला होता. पोरीला झोप नाही म्हटल्यावर त्यांना एकच कळलं होतं, की गादी चांगली नसणार.

पोतं उतरवून ते चाचांना म्हणाले, "राग मानू नगा, चाचा. तुमच्या हातात खोट न्हाई, पर कापूस जुना झाला आसंल. ह्यो घरचा हाय. चांगली मऊ भरा तिला."

मी सायकल धरून तशीच उभी. मला वाटलं, खोट गादीत नाही, पोरीत आहे, असं चाचा आता सांगून टाकतील. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर कापूस काढून डोळ्यांजवळ नेला.

"माल एक नंबर हाय, पाटील," ते म्हणाले. "पर ह्याच्यात सरकी हाय की. सरकी काढल्याबिगर गादी कशी भरायची?"

"जिनिंगवर न्यावा का मग?"

"जिनिंगवर कायकू? तिथं आपलाच कापूस परत मिळंल ह्याचा काय भरवसा? खालून जुनाच घालतो पिंजून. वरचा एक पातळ थर तुमचा. तेवढी सरकी तुमी दोघं बापलेक काढा बसून." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटी, आज शिकवनीला एक दिवस खाडा झाला तर चालंल ना?"

नव्या कापसाच्या एका पातळ थरानं गादीला काही होत नाही, हे मला आज कळतं. त्या दिवशी आम्ही दोघं अंगणात पोत्यापाशी समोरासमोर बसलो. चाचा पलीकडे माझी गादी उसवून कमानीनं पिंजू लागले. तातीचा आवाज एवढा घुमायचा की आमचं बोलणं त्यांना ऐकू जाऊ नये. थोडा वेळ पिंजत, मग थांबत. थांबले की आम्ही गप्प, सुरू झाले की बोलायला मोकळे.

आण्णा पिकाचं बोलले. आईचं बोलले. माझी बोटं चुकत होती, त्यांची चालत होती. कापसाच्या बोंडातून सरकी, म्हणजे बी, चिमटीत धरून ओढायची, एकदा, पुन्हा एकदा. दुपारपर्यंत घमेलंभर कापूस निघाला. चाचींनी भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा आणून ठेवला. आण्णांनी खाल्लं, मला खाववेना. कमान पुन्हा घुमायला लागली तेव्हा मी खाली बघून म्हणाले, "आण्णा, मी शिकवणीला जात न्हाई. दसऱ्याच्या आधीपासनं."

त्यांनी हातातली सरकी काढून बाजूला टाकली. दुसरं बोंड घेतलं.

"मग कुठं जातीस दिवसभर?"

"स्टँडवर. आपल्या गाडीपाशी."

"गाडीपाशी काय करतीस?"

"बघत बसते."

त्यांचे हात थांबले. रागावतील, रडतील, उठून जातील, मी सगळ्याची तयारी केली होती. शेवटी ते म्हणाले, "मग बसली का न्हाईस गाडीत?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. मी कशीबशी म्हणाले, "तुम्ही समद्या गावाला सांगितलंय."

"सांगितलंय. पुन्हा सांगू. सांगायला काय लागतंय, माय." मग म्हणाले, "तुला व्हायचंय म्हणून मी म्हनत गेलो. मला काय, मला तर तू घरी आसलीस तरी चालतंय."

मग मी रडले. पिंजलेल्या कापसाचे तंतू सगळीकडे उडत होते. ते माझ्या ओल्या तोंडाला चिकटले आणि आण्णा ते एकेक काढत राहिले. तोवर पलीकडे कमान थांबली नव्हती. एवढा कापूस काही त्या गादीत नव्हता. पिंजलेलाच कापूस चाचा पुन्हा पुन्हा पिंजत होते.

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. गावात लोक बोलले, आत्यानं एका लग्नात चार माणसांत टोमणा मारला. मी नांदेडला बी.ए. केलं, मग ग्रंथालयाचा कोर्स. पुस्तकांची अक्षरं पुन्हा वाचता यायला वर्ष गेलं. चाचा आता नाहीत. आण्णाही नाहीत. मला मात्र आजही त्या दोघांना एकत्र बघायचं असलं की त्याच दिवसाची दुपार आठवते.

तीनच्या सुमाराला गादी भरून झाली. चाचांनी मोठ्या सुईनं टाके घातले आणि अंगणात लिंबाच्या सावलीत ती पसरली. मला म्हणाले, पडून बघ. बापासमोर भर अंगणात कशी पडणार, मी लाजले. तेव्हा आण्णाच म्हणाले, "मी बघतो." धोतर सावरून ते गादीच्या कडेला बसले, हातानं दाबून पाहिलं, मग चपलेसकट पाय बाहेर ठेवून आडवे झाले. गादी मळू नये म्हणून.

"झ्याक झालीय," ते म्हणाले. "पाठीला लागत न्हाई काय."

आणि मग त्यांचा आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं. त्यांना झोप लागली होती.

माझ्या जन्मात मी आण्णांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. चारची गाडी त्यांना गाठायची होती म्हणून मी खांद्याला हात लावायला गेले. चाचांनी माझा हात धरला.

"उठवू नको," ते हळू म्हणाले. "लई दिवसांची हाय."

चारची गाडी गेली. पाचची गेली. यंत्रावर कापूस घेऊन एक गिऱ्हाईक आलं, त्याला चाचांनी दारातूनच हाताच्या खुणेनं परत पाठवलं. चाचींनी मसाला कुटायला घेतला होता, तो उचलून आत ठेवला. साडेपाचला शिकवणी सुटली आणि मुली सायकली घेऊन गल्लीत शिरल्या. चाचा दाराशी जाऊन उभे राहिले आणि ओठांवर बोट ठेवलं. मुलींनी आत डोकावून पाहिलं. मग एकेकीनं आपली सायकल उचलून घेतली, पायातल्या चपला हातात धरल्या आणि भिंतीकडेनं अनवाणी आपापल्या खोलीत गेल्या. लातूरच्या त्या गल्लीत वर्षभर शांतता पाळली जायची, पण ती पोरांच्या अभ्यासासाठी. त्या संध्याकाळी सगळं घर माझ्या बापाच्या झोपेसाठी गप्प होतं. मी त्यांच्या पायांतल्या चपला हलक्या हातानं काढल्या आणि दिवे लागेपर्यंत पायाशी बसून माश्या वारत राहिले.